आकाश गडद केलं तर चालतं, मग बाटली का पुसायची नाही?

आषाढी वारीतला एक फोटो डोळ्यांसमोर आणा. दिवेघाटाचं वळण, डोंगराला टेकलेले ढग, पताकांची रांग आणि डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन निघालेल्या बाया. रस्त्याच्या कडेला, अगदी कोपऱ्यात, पाण्याची चेपलेली प्लास्टिकची बाटली. फोटो काढणारा घरी येतो आणि दोन गोष्टी करतो. ढग चांगलेच गडद करतो, इतके की आता कोसळेलच असं वाटावं. मग बोटाच्या एका टिचकीसरशी बाटली पुसून टाकतो. मूळ फोटो शेजारी ठेवला तर ढगांतला बदल लगेच डोळ्यांत भरतो, कारण जवळपास अर्धी चौकट पालटलेली असते. बाटली गेली हे मात्र कोणी दाखवून दिल्याशिवाय कळणार नाही. तरीही वृत्तछायाचित्रांच्या स्पर्धेत हा फोटो बाद झाला, तर तो बहुधा बाटलीपायी होईल.

एवढा मोठा बदल चालतो आणि चिमूटभर बदल चालत नाही, हे पहिल्यांदा फोटो पाठवणाऱ्याला अन्यायाचंच वाटतं. ‘एडिटिंग चालतं का?’ असं तो सरळ विचारतो आणि त्याला सरळ उत्तर कोणी देत नाही. उत्तर आहे, पण ॲपमधल्या स्लायडरांच्या यादीत ते सापडत नाही. फोटो मुळात तयार कसा होतो, तिथून सुरुवात करावी लागते.

## कॅमेऱ्याने आधीच हात फिरवलेला असतो

२४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर सुमारे २ कोटी ४० लाख प्रकाशग्राही बिंदू असतात. त्यांतल्या एकालाही रंग कळत नाही. आपल्यावर प्रकाश किती पडला, एवढंच प्रत्येक बिंदू मोजतो. रंग कळावा म्हणून बिंदूंवर लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या बारीक गाळण्या बसवलेल्या असतात, एका बिंदूवर एकच. हिरव्या गाळण्या लाल किंवा निळ्यांच्या दुप्पट असतात, कारण माणसाचा डोळा हिरव्याच्या आसपासच्या उजेडातले बारकावे जास्त टिपतो. ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची. तिचं पेटंट १९७६ मध्ये मिळालं आणि आजचे बहुतेक कॅमेरे आणि फोन तिच्यावरच चालतात.

म्हणजे कोणत्याही एका बिंदूपाशी तीन रंगांपैकी एकाचीच खरी मोजणी झालेली असते. उरलेले दोन शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरले जातात. त्यानंतर कॅमेरा ठरवतो की पांढरं म्हणजे नेमकं कोणतं पांढरं. मग कॉन्ट्रास्ट वाढवतो, कडा धारदार करतो, रवाळपणा पुसतो, आणि शेवटी फाइल लहान करण्यासाठी बरीचशी माहिती टाकून देतो. हे सारं शटर दाबल्यावर क्षणात उरकतं, म्हणून समोर येणारी जेपेग फाइल आपल्याला ‘मूळ’ वाटते. प्रत्यक्षात ती कंपनीच्या अभियंत्यांच्या आवडीनुसार एडिट झालेली असते.

रॉ फाइलमध्ये यातलं जवळजवळ काहीच झालेलं नसतं. ती शिजवून घोटून ठेवलेल्या डाळीसारखी असते. तिचं साधं वरण करा, आमटी करा, चिंच-गूळ घाला, नाहीतर आमसूल. जेपेग म्हणजे फोडणी बसलेली आमटी. तीत पाणी वाढवता येईल, पण पडलेली फोडणी काढता येत नाही. आकड्यांत सांगायचं तर १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक बिंदूसाठी अंधारापासून लख्ख उजेडापर्यंत १६,३८४ पायऱ्या असतात, तर जेपेगमध्ये दर रंगामागे २५६. म्हणून जेपेगमधलं आकाश थोडं ओढून गडद केलं की त्यावर पट्टे उमटतात आणि रॉमधलं आकाश तेवढाच ताण निमूट सोसतं.

रॉ फाइल उघडली की फिकी, मरगळलेली दिसते. नवख्याला वाटतं, आपला फोटोच बिघडला. तो बिघडलेला नसतो, त्याच्यावरची प्रक्रिया अजून व्हायची असते. त्यामुळे ‘एडिटिंग अजिबात नको’ असा नियम करणं स्पर्धांना शक्यच नसतं. प्रक्रिया होणारच, ती कॅमेऱ्याने करायची की माणसाने, एवढाच फरक. मग नियम बोट ठेवतात ते प्रक्रिया कोणत्या जातीची आहे, यावर.

## दोन जातींचे बदल

पहिल्या जातीत, चौकटीत जे आहे ते तिथेच राहतं, फक्त उजळ होतं, गडद होतं, त्याची रंगछटा जरा सरकते. ढग होते, ढगच राहिले. दुसऱ्या जातीत चौकटीतली वस्तूच नाहीशी होते, नवी येते किंवा जागा बदलते. बाटली होती, आता नाही. पुसणाऱ्या साधनाने त्या जागी शेजारच्या मातीचा तुकडा उचलून चिकटवला आणि कॅमेऱ्याने कधीच न पाहिलेली माती तिथे आली. बदल किती मोठा दिसतो याला परीक्षकांच्या लेखी फारशी किंमत नाही. समोर जे होतं त्याची साक्ष शाबूत आहे का, हे ते पाहतात.

पहिल्या जातीला डार्करूमइतकी जुनी परंपरा आहे. फिल्मवरून कागदावर प्रिंट काढताना एन्लार्जरच्या उजेडात हात किंवा पुठ्ठ्याचा तुकडा धरून एखादा भाग उजळ ठेवायचा, दुसऱ्या भागावर जास्त वेळ उजेड पाडून तो गडद करायचा. यालाच डॉज आणि बर्न म्हणतात, आणि आजच्या सॉफ्टवेअरमध्येही तीच नावं आहेत. अमेरिकी छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांचा ‘मूनराइज, हर्नांडेझ’ हा १९४१ चा फोटो त्याच्या काळ्याभोर आकाशासाठी ओळखला जातो. ते आकाश नेगेटिव्हमध्ये तसं नव्हतं. प्रिंट काढताना ते गडद केलेलं आहे, आणि पुढच्या दशकांत ॲडम्स यांनी काढलेल्या प्रिंटांमध्ये ते आणखी गडद होत गेलं. पण चंद्र, गाव आणि कबरींवरचे क्रूस जागचे हलले नाहीत.

दुसऱ्या जातीवरून मात्र मोठमोठे अडचणीत आले. ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड उभ्या चौकटीत मावावेत म्हणून संगणकावर एकमेकांजवळ सरकवले होते. एवढ्याशा सरकवण्यावरून मासिकाला वर्षानुवर्षं टीका ऐकावी लागली. आडवा फोटो दोन्ही बाजूंनी कापून उभा केला असता, तर चित्र कदाचित बेतास बात झालं असतं, पण कोणी ब्र काढला नसता.

हा भेद सर्वांत स्वच्छ दिसतो तो वर्ल्ड प्रेस फोटो या वृत्तछायाचित्रांच्या स्पर्धेत, २०१० मध्ये. स्टेपान रुडिक यांच्या कीव्हमधल्या रस्त्यावरच्या मारामाऱ्यांवरच्या मालिकेला क्रीडा विभागात तिसरं बक्षीस मिळालं आणि मग ते काढून घेण्यात आलं. त्यातला एक फोटो हाताला पट्टी बांधतानाचा आहे. मूळ फोटो रंगीत आणि ऐसपैस होता. रुडिक यांनी त्याचा मोठा भाग कापून टाकला, उरलेला कृष्णधवल केला, कडा काळ्या केल्या आणि वरून जुन्या फिल्मसारखा रवाही घातला. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर एकाच कॅमेऱ्यातले आहेत यावर विश्वास बसू नये. पण बक्षीस यातल्या कशामुळेच गेलं नाही. मागे उभ्या असलेल्या माणसाच्या पायाचा एक तुकडा डोकावत होता, तो पुसला होता. तेवढ्यावरून गेलं. चौकट आणखी जरा आत कापून तो पाय वगळता येत असेल, तर त्यालाही हरकत नव्हती. कापणं म्हणजे ‘मी इथवरच पाहिलं’ असं सांगणं. पुसणं म्हणजे ‘इथे काही नव्हतं’ असं सांगणं.

## गडद करण्यालाही तळ असतो

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग बाटली पुसण्याऐवजी तो कोपराच काळा करून टाकू. ही पळवाट फार जणांना सुचून झाली आहे, त्यामुळे ती बुजवलेली आहे. रंग, कॉन्ट्रास्ट किंवा गडदपणा इतका बदलला की मागची माणसं, वस्तू किंवा पार्श्वभूमीच दिसेनाशी झाली, तर वर्ल्ड प्रेस फोटोच्या नियमांत तो मजकुरातला बदल धरला जातो.

यामागचं कारण हिस्टोग्राममध्ये दिसतं. फोटोत किती काळं, किती करडं आणि किती पांढरं आहे, हे दाखवणारा डोंगरासारखा तो आलेख. कोपरा गडद करत नेला की आलेखाचा तो भाग डावीकडे सरकतो. जोवर तो डाव्या भिंतीच्या अलीकडे आहे, तोवर बाटली आणि माती यांच्यात फरक शिल्लक असतो. भिंतीला चिकटला की दोघांचाही आकडा शून्य. शून्य आणि शून्य यांतून बाटली ओळखता येत नाही. पहिल्या जातीचा बदल ताणत नेला की तो असा दुसऱ्या जातीत जाऊन पडतो. उजव्या टोकालाही हेच होतं. जास्त उजळलेल्या पांढऱ्या सदऱ्यावरची घडी गेली की परत येत नाही.

२०१३ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोचं सर्वोच्च बक्षीस पॉल हॅन्सन यांच्या गाझातल्या अंत्ययात्रेच्या फोटोला मिळालं, तेव्हा त्यातला प्रकाश इतका नाटकी होता की फोटो जोडून बनवल्याचा आरोप झाला. तज्ज्ञांनी मूळ रॉ फाइल तपासली. जोडाजोड नव्हती, रंग आणि छटा तेवढ्या ठिकठिकाणी बदललेल्या होत्या. बक्षीस राहिलं, वादही राहिला. दोन वर्षांनी, २०१५ मध्ये, याच स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोहोचलेल्या फोटोंपैकी सुमारे २० टक्के बाद झाले. तिथवर पोहोचणारे लोक पेशाने छायाचित्रकार असतात, त्यांना नियम माहीत नव्हते असं नाही. हात फिरवता फिरवता पुढे गेला, एवढंच.

## रोजचे स्लायडर

क्रॉप जवळपास सगळीकडे चालतो. अडचण नियमाची नसते, पिक्सेलची असते. ६,००० बाय ४,००० पिक्सेलचा फोटो लांबी-रुंदीने निम्मा केला की २४ चे ६ मेगापिक्सेल उरतात. क्षितिज सरळ करण्यालाही मनाई नाही, आणि ते करावंच. समुद्र एका बाजूला वाहून चालल्यासारखा दिसला की परीक्षक पुढचं पाहतच नाहीत.

व्हाइट बॅलन्सबद्दल लोक उगाच घाबरतात. उजेडाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात. पिवळ्या बल्बचा उजेड ३,००० च्या आसपास, भर दुपारचा ५,५०० च्या आसपास, सावलीतला त्याहून बराच वर. कॅमेऱ्याचं ऑटो सगळ्या प्रकाशाला दुपारच्या पांढऱ्या उजेडाकडे ओढू पाहतं. समईच्या प्रकाशातला गाभारा त्यामुळे दवाखान्यासारखा दिसतो. तो पुन्हा उबदार करणं म्हणजे होतं ते परत आणणं, आणि प्रवास किंवा वृत्तछायाचित्रांच्या कडक नियमांतही दृश्याचं मूळ रूप परत आणायला मुभा असते. भर दुपारचा फोटो सोनेरी संध्याकाळ करून दाखवणं मात्र वेगळं.

सॅच्युरेशन हा माझ्या मते नवख्यांचा सर्वांत मोठा शत्रू. जेजुरीच्या सोमवती अमावास्येचे फोटो पाहा. भंडाऱ्याचा पिवळा रंग मुळातच इतका भडक असतो की फाइलमध्ये लाल आणि हिरवा आकडा जवळपास टोकाला आणि निळा तळाला गेलेला असतो. त्यावर सॅच्युरेशन आणखी ओढलं की लाल-हिरवा टोकाला जाऊन थांबतात, निळा शून्य होतो, आणि हवेत उधळलेल्या भंडाऱ्यातले कण, भुरके, सावल्या सगळं जाऊन पिवळ्या ऑइलपेंटचा एक थर उरतो. फोटो बाद होईल न होईल, पण ज्या उधळणीसाठी तो काढला ती त्यात राहत नाही. स्लायडर डावीकडेही जातो, हे लोक विसरतात.

शार्पनिंगने बारकावे वाढत नाहीत. जिथे गडद आणि उजळ भाग भेटतात, त्या कडेची उजळ बाजू आणखी उजळ आणि गडद बाजू आणखी गडद केली जाते. डोळ्याला धार वाढल्यासारखी वाटते. अति केलं की डोंगराच्या कडेभोवती पांढरी रेघ उमटते. हललेला फोटो यातून सावरत नाही. वृत्त आणि प्रवास विभागांत शार्पनिंग चालतं, पण ते जाणवता कामा नये.

आता मजेची गोष्ट. ज्या हीलिंग ब्रशने बाटली पुसणं गुन्हा आहे, त्याच ब्रशने आकाशातला करडा ठिपका पुसायला कडक विभागांतही परवानगी आहे. कारण तो ठिपका म्हणजे सेन्सरवर बसलेली धूळ. ती दृश्यात नव्हती, कॅमेऱ्याने घातली. नॉइज म्हणजे कमी उजेडात येणारा रवाळपणा, फिल्मवरचे ओरखडे, काही स्पर्धांत भिंगामुळे कडांना आलेली जांभळी झालर, हे सगळं याच न्यायाने काढता येतं. धूळ ओळखायला सोपी असते. लागोपाठच्या प्रत्येक फोटोत ती त्याच जागी असते आणि एफ-१६ सारख्या लहान छिद्रावर जास्त स्पष्ट दिसते. दूरवरची घार पुढच्या फोटोत जागा बदलते. घार पुसायची नाही.

फोटो आरशासारखा उलटा करणं निरुपद्रवी वाटतं, पण त्याने डाव्या खांद्यावरचा पदर उजव्या खांद्यावर जातो आणि पाट्यांवरची अक्षरं बोंबलतात. नियमात उल्लेख नसेल तर आयोजकांना विचारावं.

## विभाग कोणता, ते आधी पाहा

आंतरराष्ट्रीय सलॉनमध्ये, म्हणजे छायाचित्रांच्या स्पर्धा-प्रदर्शनांत, फोटो पाठवणाऱ्यांना फियाप आणि पीएसए ही नावं पाठ असतात. फियाप हा देशोदेशींच्या छायाचित्रण संघटनांचा महासंघ, तर पीएसए ही अमेरिकेतली फोटोग्राफिक सोसायटी. या दोघांनी ब्रिटनच्या रॉयल फोटोग्राफिक सोसायटीबरोबर निसर्ग विभागाची एक सामाईक व्याख्या ठरवली आहे. आपल्याकडच्या अनेक क्लबांच्या सलॉनमध्ये तिचाच आधार घेतात.

त्या व्याख्येप्रमाणे निसर्ग विभागात क्रॉपखेरीज कोणत्याही मार्गाने वस्तू काढता, घालता किंवा हलवता येत नाही. मानवी खुणा चौकटीत सहसा नकोत. भिगवणला उजनीच्या पाण्यात उतरलेल्या रोहित पक्ष्यांमागे मासेमारीच्या जाळ्याचा बांबू आला, तर दोनच वाटा उरतात. बांबू क्रॉपमध्ये जात असेल तर कापा, नसेल तर तो फोटो दुसऱ्या विभागात पाठवा. याउलट वाघिणीच्या गळ्यातली रेडिओ कॉलर किंवा पक्ष्याच्या पायातलं संशोधकांनी घातलेलं कडं चालतं. ते पुसलं तर बाद. नवखा माणूस नेमकं उलटं करतो: कॉलर ‘खराब दिसते’ म्हणून पुसतो आणि बांबू तसाच ठेवतो.

वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो एकत्र करून केलेला एचडीआर आणि फोकस पुढे-मागे सरकवत काढलेल्या फोटोंचं स्टॅकिंग या व्याख्येत मंजूर आहे. शेजारशेजारचे फोटो शिवून केलेला पॅनोरमा तिच्या पूर्वीच्या रूपात मंजूर नव्हता. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत मात्र पॅनोरमा चालत आला आहे. एकच फोटो एका दारात स्वीकारला जातो आणि दुसऱ्यात नाही, म्हणून ‘मागच्या स्पर्धेत चालला होता’ हा युक्तिवाद कोणी ऐकून घेत नाही.

सह्याद्रीतल्या काजव्यांच्या फोटोंचा प्रश्न यातूनच येतो. मेअखेरीस, पावसाच्या तोंडावर भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाचीकडे ट्रायपॉडची गर्दी होते. कॅमेरा न हलवता एकामागून एक दीर्घ एक्स्पोजर घेतात आणि घरी सगळ्या फोटोंतला उजळ तेवढा ठिपका राखून ते एकावर एक रचतात. झाड उजेडाने फुलून येतं. त्यातला प्रत्येक ठिपका खरा असतो, पण तितके काजवे एका क्षणी कोणीही पाहिलेले नसतात. हा अर्ध्या तासाचा उजेड एका चौकटीत गोळा केलेला असतो. व्याख्येत नाव घेऊन मान्य केलेल्या एचडीआर किंवा फोकस स्टॅकिंगमध्ये तो सरळ बसत नाही. मी असा फोटो निसर्ग विभागाऐवजी खुल्या विभागात पाठवीन, आणि कुठेही पाठवला तरी रचलेला आहे हे ओळीत लिहीन.

वृत्त आणि प्रवास विभाग सर्वांत कडक. क्रॉप, धूळ-ओरखडे-नॉइज काढणं, मूळ रूप परत आणणं, न जाणवणारं शार्पनिंग आणि संपूर्ण कृष्णधवल, इथे गाडी थांबते.

कृष्णधवल किंवा मोनोक्रोम विभागात एक खास सापळा आहे. सगळा फोटो करडा आणि फक्त छत्री लाल, हा प्रकार नवख्यांना फार आवडतो आणि ते तो मोनोक्रोममध्ये पाठवतात. फियापच्या व्याख्येत तो रंगीत ठरतो. संपूर्ण फोटोला एकाच रंगाची, म्हणजे सेपियासारखी झाक दिली तर तो मोनोक्रोम राहतो. अंशतः रंग दिला की राहत नाही.

खुल्या विभागात बाटली पुसा, आकाश बदला, चंद्र मोठा करा, बहुतेक ठिकाणी कोणी अडवत नाही. अट एवढीच की घातलेला प्रत्येक तुकडा तुम्ही स्वतः काढलेला हवा. २०१७ मध्ये कोलकात्याच्या वेश्यावस्तीवरच्या एका गाजलेल्या फोटोमालिकेतल्या एका फोटोत मागे दिसणारी व्यक्ती ओळखीची वाटली. ती मेरी एलन मार्क यांच्या मुंबईतल्या फॉकलंड रोडवरच्या जुन्या फोटोतून उचललेली निघाली.

## चौकट: पाठवण्याआधी एक नजर

बहुतेक सर्व विभागांत चालतं: क्रॉप, क्षितिज सरळ करणं, बेताचं एक्स्पोजर-कॉन्ट्रास्ट, व्हाइट बॅलन्स सुधारणं, सेन्सरची धूळ आणि नॉइज काढणं, न जाणवणारं शार्पनिंग.

नियम वाचूनच करा: एचडीआर, फोकस स्टॅकिंग, पॅनोरमा, स्थानिक डॉज-बर्न, फोटो उलटा करणं, एआयने नॉइज काढणं, एखादाच रंग राखणं.

वृत्त, प्रवास आणि निसर्ग विभागांत नाही: तार, बाटली, माणूस, फांदी पुसणं, आकाश बदलणं, पक्षी किंवा चंद्र चिकटवणं, गडद किंवा धूसर करून पार्श्वभूमी नाहीशी करणं.

## फोन आणि एआय

फोनवर फोटो काढणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. फोन एका दाबात अनेक फ्रेम घेऊन त्या एकत्र करतो, आणि ते बंद करणं पुष्कळदा आपल्या हाती नसतं. ते बहुतेक ठिकाणी मान्य आहे. पण पोर्ट्रेट मोडमधली धूसर पार्श्वभूमी भिंगाने केलेली नसते. कोणती वस्तू किती लांब आहे याचा अंदाज बांधून फोन ती धूसर करतो, आणि त्या नादात कधी कानाची पाळी, कधी पताकेची काठी खातो. ‘ब्यूटी’ मोड त्वचाच नवी देतो. २०२३ मध्ये एकाने संगणकाच्या पडद्यावर चंद्राचं मुद्दाम धूसर केलेलं चित्र लावून त्याचा फोनने फोटो काढला, तर फोनने त्यात विवरांचे बारकावे भरून दिले. जे पडद्यावर नव्हतं ते फोटोत आलं. स्पर्धेसाठी फोन वापरायचा असेल तर हे मोड बंद ठेवावेत आणि सोय असेल तर प्रो मोडमध्ये रॉ घ्यावी.

एआयच्या साधनांनाही तीच दोन जातींची कसोटी लागते. आकाश निवडून देणारं, विषयाभोवती रेघ आखून देणारं एआय तुमचं हाताचं काम वाचवतं, नवं काही आणत नाही. रिकामी जागा भरून देणारं एआय नवं आणतं. मधली साधनं अवघड आहेत. लहान फाइल मोठी करणारं एआय दुसऱ्यांच्या लाखो फोटोंवरून शिकलेलं असतं आणि पक्ष्याच्या अंगावर तिथे नसलेली पिसं काढू शकतं. वर्ल्ड प्रेस फोटो अशी माहिती भरणारी साधनं नाकारतं आणि नॉइज कमी करणारी मर्यादेत चालवून घेतं. इतर स्पर्धा आपापले नियम अजून लिहिताहेत आणि ते दरवर्षी बदलताहेत, म्हणून गेल्या वर्षीच्या नियमांवर विसंबू नये.

परीक्षकांना नुसत्या नजरेने हे ओळखता येतं, या भ्रमात कोणी राहू नये. २०२३ मध्ये बोरिस एल्डाग्सेन यांनी सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्सच्या एका विभागात एआयने बनवलेलं चित्र पाठवलं, ते जिंकलं, आणि मग त्यांनी बक्षीस नाकारलं. पुढच्याच वर्षी एका छायाचित्रकाराने उलटा डाव टाकला. डोकं दिसत नसलेल्या रोहिताचा खराखुरा फोटो त्याने दुसऱ्या एका स्पर्धेच्या एआय विभागात घातला. त्यालाही बक्षीस मिळालं, आणि फोटो खरा असल्याचं कळल्यावर तो बाद झाला.

## मूळ फाइल मागतात तेव्हा

नजर फसते, म्हणून अंतिम फेरीत स्पर्धा मूळ फाइल मागतात. तपासणी वाटते तितकी गूढ नसते. पाठवलेला फोटो आणि कॅमेऱ्यातली फाइल शेजारी ठेवून कोपऱ्या-कोपऱ्याने ताडून पाहतात. शिवाय प्रत्येक फोटोत नॉइजचा एक विस्कळित पोत असतो. क्लोन केलेल्या, म्हणजे दुसरीकडून उचलून चिकटवलेल्या जागी तोच पोत जसाच्या तसा दुसऱ्यांदा दिसला की चोरी उघडी पडते. जेपेगवरच काम करणाऱ्यांकडे त्या फोटोच्या आधीच्या आणि नंतरच्या फ्रेमही मागितल्या जातात. म्हणून मनासारखा फोटो मिळाला की शेजारचे ‘वाया गेलेले’ फोटो लगेच डिलीट करू नयेत.

एडिटिंगला हात न लावताही फोटो बाद होतो, हेही ध्यानात असू द्यावं. नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत २००९ चा विजेता लांडगा कुंपणाच्या फाटकावरून झेप घेत होता. तो माणसाळलेला, शिकवलेला प्राणी असावा या निष्कर्षावर बक्षीस परत घेतलं गेलं. २०१७ मधला मुंगीखाऊ पेंढा भरलेला असल्याचा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. दोन्हीत पिक्सेल धुतल्या तांदळासारखे होते. फोटोखालची ओळही याच तपासणीत येते: पाळीव प्राणी, आमिष, प्राणिसंग्रहालय, ठरवून उभी केलेली माणसं, जे असेल ते लिहावं.

कामाची सोय म्हणून कार्डवरच्या रॉ फाइलची एक प्रत वेगळ्या डिस्कवर, नाव न बदलता ठेवावी. लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये केलेले बदल मूळ फाइलला लागत नाहीत, बाजूला नोंदले जातात, पण फोनवरची काही ॲप मूळ फोटोवरच नवा फोटो चढवतात. पाठवण्याची जेपेग नेहमी एसआरजीबी या रंगपद्धतीत आणि सांगितलेल्या पिक्सेलच्या मापात काढावी. ॲडोबी आरजीबीमधली फाइल परीक्षकांच्या पडद्यावर मरगळलेली दिसू शकते. नाव, सही किंवा वॉटरमार्क बहुतेक स्पर्धांत चालत नाही. आणि मूळ फाइल मागणारी ईमेल आली की उत्तराला मोजके दिवस मिळतात, तेव्हा निकालाच्या आठवड्यात स्पॅमचा फोल्डरही उघडून बघत जावा.